उन्शू संत्र्याच्या बिया

आईस, तुझ्या तोसेचा कागोशिमाहून लवून नमस्कार.

मी सुखरूप आहे. बाबांचा खोकला कमी झाला का?

तू बेटावरून पाठवलेली करंडी पोचली. सासूबाईंनी विचारलं, "कुठली गं ही संत्री?" आपल्या उतारावरची, बिनबियांची, असं सांगायला जीभच रेटेना. सामुराईच्या या घरात बिनबियांचं फळ म्हणजे निर्वंश, आणि माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली तरी पाळणा हलला नाही. म्हणून फेरीवाले घेतात तेच नाव सांगितलं, "उन्शू. चीनमधल्या संत्र्यांच्या नामांकित गावाचं नाव आहे ते."

"अगं बाई, चीनची!" म्हणत त्यांनी दोन फळं पूर्वजांपुढे ठेवली. बाकीची मीच सोलून फोडी दिल्या.

"बिया कुठायत?"

"काढून टाकल्या."

"वेडी का खुळी? पुढच्या वेळी जपून ठेव. परसात पेरू."

या फळात बियाच नसतात हे त्यांना कळलं तर? शेजारची सून मूल होईना म्हणून गेल्याच वर्षी माहेरी धाडली.

अजून कुणाला बोलले नाही, पण माझी दोनदा पाळी चुकलीय. भात पोटात ठरत नाही, ठरतात ती फक्त हीच संत्री. प्रत्येक फोडीला वाटतं, मीच बाळाचं वाटोळं करतेय. तरी खाते.

आणखी एक करंडी पाठव. तळाशी विहिरीजवळच्या त्या जुन्या, बियांच्या संत्र्याच्या मूठभर बिया पुरचुंडीत बांधून ठेव, सासूबाईंना दाखवायला.

आणि आई, मी पोटात होते तेव्हा तूही हीच खात होतीस ना? तेवढं नक्की लिही.

तुझी तोसे