सांगोल्याच्या रकान्यातला पाऊस

सोलापूर, श्रावण अखेर, सन १९३१

आये, हितनंच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो.

गुरुजींकडनं लिहवून घेतलेलं तुझं पत्र पोचलं. पाऊस झकास झाला, मेंढरं अंगानं भरली, असं सांगितलंस. पण आये, कचेरीतलं पावसाचं बुक माझ्याच टेबलावर असतंय की! तालुक्यातालुक्यातला पाऊस रोज मीच लिवतो. सांगोल्याच्या रकान्यात महिनाभर शून्यच घालतोय.

भिंतीवरच्या नकाशात आपलं सांगोला बोटाखाली झाकून जातं, पण नजर आधी तितंच जाते.

रागावलो न्हाय. जुनी बुकं काढून बघितली. असली कोरडी सालं पैलीबी आलीत, आणि लई येळा हस्ताच्या पावसानं सारं भरून काढलंय. तवर एकबी मेंढरू इकू नगं. मेंढरांना चारायला सरकीची दोन पोती रेल्वेत घातलीत, कुर्डुवाडीला गाडी बदलून येतील. पोती उतरवून घ्यायला शेजारच्या भिमादादाला ठेसनावर धाड. आडाला पाणी हाय का? आता तरी खरं सांग.

माझी काळजी करू नगं. दोन्ही येळेला पोटभर जेवतो. ह्यावर मात्र तुला इश्वास ठेवावाच लागंल. माझ्या जेवणाचं बुक कुठल्याच कचेरीत न्हाय.

तुझाच,
सिद्धनाथ