झिजलेली दोरी खुंटीला हाय

सोमेश्वर,
शेजारच्या शेतातल्या सोनाजीकाकाला घेऊन हिंगोलीच्या दवाखान्यात चालले. मांडीतला बाण मी उपटला न्हाई, उपटला असता तर रक्त थांबलं नसतं. आईला धुऱ्याकडं, त्याच्या-आपल्या बांधाकडं, जाऊ देऊ नको.

तू साऱ्या गावाला सांगून राहिला, की नेम हळदीच्या शेतातल्या डुकरावर धरला, पण ताईच्या स्पर्धेच्या कंपाउंड धनुष्याची दोरी झिजलेली, म्हणून बाण भरकटला. झिजल्या दोरीनं बाण भरकटतो, हे मीच तुला शिकवलं. पण ती दोरी मी रविवारीच उतरवली. नवी चढवून, मेण चोळून, पन्नास मीटरवरून सहाही बाण निशाणाच्या मधल्या पिवळ्या गोलात मारून पाहिले.

धनुष्य ठाण्यात देणार हाय. भाकरी टोपल्यात हाय, पोलीस यायच्या आधी खाऊन घे.

ताई