त्रिकालज्ञ संगणक आणि आपली धाकटी

प्रिय गृहस्वामिनीस,

सविनय तक्रार अशी की, इथल्या इस्पितळाच्या अंगरख्याचे बंद पाठीमागे असतात. पन्नाशीत अब्रू वाऱ्यावर!

आप्पांकडून वारशात आलेल्या माझ्या जाड स्नायूंच्या हृदयाचं भविष्य त्रिकालज्ञ संगणकाने वर्तवलं. डॉक्टरमहाशयांनी विचारलं, "घरात कुणी अचानक गेलं?"

"वडील. जिना चढताना."

मान वर न करता त्यांनी कळ दाबली. "ठोके बिघडून दगावण्याचा धोका कमी आहे, काका. मजा करा." गाढव! पोपटवाला ज्योतिषीसुद्धा तोंडाकडे बघतो.

"आणि माझ्या धाकट्या मुलीला कितपत धोका?"

"सोळाच्या आतलं वय या संगणकाच्या गणितात चालत नाही."

मी गोळ्या घेतो, काळजी नसावी. धाकटी अजून जिना धावतच चढते ना? तिचं हृदय तपासून घे. मला भीती तिच्यासाठीच वाटते.

तुझाच,
उघड्या पाठीचा पंडित