पटक्यातला मेंढपाळ

५ डिसेंबर, शुक्रवार

फ्लेक्स! नाताळला चर्चमध्ये पुलपिटामागे फ्लेक्स लावणार म्हणे! शलमोनभाऊंनी पंच कमिटीत ठरवूनसुद्धा टाकलं. पप्पांनी काढलेलं प्रभूचं चित्र उतरवायचं. कारण काय, तर "ताई, नवीन लोक विचारतात हो, हा खंडोबा कुठला?" सगळे हसले. मीही मेली हसले! घरी येऊन रडले.

७ डिसेंबर, रविवार

उपासनेत लक्षच नव्हतं. चित्र बघत बसले. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, कवेत कोकरू. पप्पांना प्रभू असाच दिसायचा, जुन्नरच्या रानातला मेंढपाळ. आणि समोर बसवला कोणाला? राघूमामांना! दर वर्षी आमच्या घरामागच्या शेतात त्यांची मेंढरं बसायची. मी तेव्हा पहिलीत. मामांना पप्पांच्या फोटो स्टुडिओत स्टुलावर बसवलं, तर कोकरू थेट पडद्यावरच्या ताजमहालावर मुतलं. पप्पांना इतकं हसताना मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

पाळकसाहेब म्हणतात, चित्र म्हणजे प्रभू नव्हे. खरंय. पण डोळे मिटले की मला हाच चेहरा दिसतो. त्याला मी काय करू?

८ डिसेंबर, सोमवार

पप्पांचा नेम होता: रोज एक वचन, रोज एक फोटो. "दिवस फुकट जाऊ द्यायचा नाही, बेटा." आज माझं दोन्ही राहिलं. स्टुडिओत गिऱ्हाईकही नव्हतं. जुने अल्बम काढून बसले.

फोटोग्राफरची बायको, आणि आईचा एका फोटोत डोळा उघडा असेल तर शपथ! फ्लॅश उडाला की मिटायचीच. लग्नात मिटलेले, माझ्या बाप्तिस्म्याला मिटलेले. पप्पा जाम चिडायचे म्हणे. मी चार वर्षांची असताना ती गेली. तिचा आवाज थोडा आठवतो. नजर आठवत नाही. कितीही ताण दिला तरी नाही.

१० डिसेंबर, बुधवार

राघूमामांची सून आली होती, निर्मला. अवसरीहून, मंचर-नारायणगाव करत. मामा जाऊन वर्ष होत आलं.

"ताई, मामंजींचं वरीस घालायचंय. धड फोटूच न्हाई. मोबाईलमधी एक हाय, पर त्यात तोंडात बुंदी! आन् आत्याबाई म्हणत्यात, तरुणपणचाच पायजे."

पप्पांच्या निगेटिव्ह ओलीने केव्हाच चिकटून गेल्या. मी म्हटलं, "आहे की! आमच्या चर्चमध्ये." बघतच राहिली माझ्याकडे. मंगळवारी सासूला घेऊन ये म्हटलं.

१३ डिसेंबर, शनिवार

फोटो काढायला चित्र खाली घेतलं. शलमोनभाऊ खूश! "उतरलंच आहे तर आता परत वर नको, ताई." मी चित्र कापसाने पुसत बसले. किती ती मेणबत्त्यांची काजळी! खालून डोळे निघाले, चक्क घारे. मी आपली जन्मभर काळे समजत होते. घरी येऊन काढलेला फोटो पाहिला, तर तिथेही घारेच. मामांचे तसे असतील.

१६ डिसेंबर, मंगळवार

निर्मलाची सासू, म्हाळसाबाई आल्या. चपला बाहेर काढल्या, पदर डोक्यावर घेतला. चित्र बाकाला टेकवून ठेवलं होतं. वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"पटका त्यांचाच. घोंगडं म्या कातल्याल्या लोकरीचं. आन् कोकराला कसं धरलंय बघ गं निर्मला! पोरास्नी कवा असं घेतलं न्हाई!"

हसल्या. मग रडल्या. त्यांचं बघून मीही.

डोळे पुसून म्हणाल्या, "पर डोळं त्यांचं न्हाईत."

"पप्पांची चूक झाली असेल, मामी."

"चूक कशाची? आमच्या धन्याचं डोळं काळं कुळकुळीत व्हतं. ह्ये तुज्या आईचं डोळं हायेत. म्या ताक घिऊन यायची, तवा दारात उभी ऱ्हाऊन अशीच बघायची. तुला ठावं न्हाई व्हय, पोरी?"

मी वाकून परत ते डोळे बघितले. आई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी पप्पांनी हे चित्र काढलं. कधी एका शब्दाने बोलले नाहीत! दर रविवारी पहिल्या बाकावर मात्र बसायचे. मागे ऐकू येत नाही म्हणायचे.

निघताना म्हाळसाबाईंनी बजावलं, "फोटूत काळं करून दे बरं का! वरीस त्यांचं हाय, तुज्या आईचं न्हाई."

कॉम्प्युटरवर काळे करून दिले.

१७ डिसेंबर, बुधवार

शलमोनभाऊंना सांगितलं. चित्राजवळ गेले. चष्मा पुसला, परत घातला. म्हणाले, "फ्लेक्स गेटला लावू, ताई. रस्त्यावरून दिसेल." चित्र परत वर लावताना शिडी त्यांनीच धरली.

२५ डिसेंबर, नाताळ

प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. आईनेही नाही.