घुबडाचे दोन डोळे

१० फेब्रुवारी १९१२, शनिवार. युसूफ वडगाव

पोहोचले एकदाची. मोमिनाबादहून दिवसभर बैलगाडी आणि मांडीवर दुर्बिणीची लांब पेटी. गाडीवानाने तीनदा विचारले, पेटीत बाजा हाय का. शेवटी मी म्हटले, हो, तमाशातून निवृत्त झाले आहे. त्यानंतर गाव येईपर्यंत त्याने तोंड उघडले नाही. प्रवास फार सुखाचा झाला.

घर मनासारखे आहे. खाली तीन खण, वर सपाट माळवद, त्याला कमरेइतका कठडा, वर जायला आतून दगडी जिना. औरंगाबादेत बत्तीस वर्षे मुलींना शिकवले आणि रात्री शेजाऱ्यांच्या कंदिलांना शिव्या दिल्या. इथे उत्तरेला एकही कंदील नाही, ज्वारीची राने आणि वर आभाळ. मी शिकले त्या सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात मदर सांगत की शिवी मनातल्या मनातही देऊ नये. मदरना तारे बघायचे नव्हते.

१२ फेब्रुवारी

घर ज्यांच्याकडून घेतले ते अर्जुनराव कामाला दगडाबाई म्हणून एक विधवा देऊन गेले आहेत. भाकरी उत्तम करते, झाडलोट बरी. एकच खोड. दिवस मावळला की माळवदावर जाते, जिन्याच्या तोंडाशी कोनाडा आहे त्यात करडईच्या तेलाचा दिवा लावते आणि तो रात्रभर जळला पाहिजे म्हणते. मी म्हटले, दुर्बिणीतून बघणाऱ्याला अंधार लागतो, डोळा अंधाराला सरावायला अर्धा तास जातो, तुझा दिवा एका क्षणात त्याचे वाटोळे करतो. ती म्हणाली, ह्या घराचा दिवा कदी इजत न्हाई, बाई. का, तर न्हाई इजत. हे उत्तर मला शाळेत मुली देत. मी त्यांना बाकावर उभे करी.

१५ फेब्रुवारी

इथे का आले ते एकदा लिहून ठेवते, म्हणजे चिडचिड कागदावर राहील.

आकाशात काही तेजोमेघ ग्रहासारखे गोल दिसतात. मरणाऱ्या ताऱ्याने टाकलेली ती कात, असे माझे स्वतःचे मत. मला कोणी विचारलेले नाही. त्यांपैकी सप्तर्षींच्या चौकोनाखाली एक आहे, त्याला घुबड म्हणतात, कारण मोठ्या दुर्बिणीत त्याच्या फिक्या चकतीत डोळ्यांसारखी दोन काळी छिद्रे दिसतात. माझी दुर्बीण तीन इंची. गेल्या वर्षी मला ती छिद्रे क्षणभर दिसली. चित्र काढून मुंबईच्या काही विद्वान मंडळींकडे पाठवले. परत आले. खाली शेरा: एवढ्या दुर्बिणीत हे दिसणे अशक्य, बाईंची कल्पनाशक्ती चांगली आहे.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आला आहे. उजव्याला डॉक्टरने दोन वर्षे दिली आहेत. त्या दोन वर्षांत मला ते घुबड पुन्हा बघायचे आहे, तारीखवार, वेळेसह, तीनदा. मग त्या मंडळींनी आपली कल्पनाशक्ती चालवावी.

रात्री काहीच दिसले नाही. दिवा.

१७ फेब्रुवारी

दगडाबाईने माझ्याकडून वचन घेतले की दिवा मालवणार नाही. मी दिले, आणि मोडलेही नाही. ती खाली गेल्यावर दिव्यावर मडके पालथे घातले, कडेला खापरी लावून फट ठेवली. हवेवाचून दिवा जळत नाही हे मी बत्तीस वर्षे शिकवले आहे. पण फट लहान पडली. अर्ध्या तासाने दिवा आपणहून गेला. वचन अक्षरशः पाळले गेले.

आणि घुबड दिसले! असल्या फिक्या वस्तूकडे रोखून पाहिले की ती नाहीशी होते. नजर जरा बाजूला ठेवावी लागते, मग ती डोळ्याच्या कोपऱ्यात उमटते. तशी उमटली: राखाडी, गोल. छिद्रे नाहीत.

पाठ ताठ करायला उठले तेव्हा जिन्याच्या तोंडाशी, तशाच कोपऱ्यातल्या नजरेत, सुपाएवढी राखाडी चकती दिसली. वळून पाहिले तर भिंत. डोळा थकतो.

२० फेब्रुवारी

पुन्हा मडके. पुन्हा दुर्बिणीत नुसती गोल चकती. आणि पुन्हा ती दुसरी, जिन्यापासून चार पावले अलीकडे, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. तिच्यात दोन छिद्रे. संताप येतो. जे आकाशात दिसायला हवे ते माळवदावर दिसते, आणि माळवदावरच्याचे चित्र कोणाला पाठवू?

दगडाबाईला मडक्याच्या आतली काजळी सापडली. भाकरी आपटून वाढली.

२८ फेब्रुवारी

चांदणे. निरीक्षण बंद. चांदण्यात जिन्यापाशी काहीही नाही, हे मुद्दाम तीन रात्री पाहून नोंदवते.

अर्जुनराव आले. दगडाबाईने चुगली केलेली दिसते. चहा पिऊन म्हणाले, इतकी शिकली-सवरलेली बाई तुमी, दिव्यानं तुमचं काय दुखतंय? मग सांगितले की त्यांची चुलती रुक्मिणीबाई एका उन्हाळ्यात दिवा न लावता माळवदावर निजली. महिन्यात दोन्ही डोळे गेले, एकेक डोळा एकेका रात्रीत. आता केजला भाचीकडे बसून असते आणि रोज म्हणते, माजे डोळे वडगावात हायेत, ते मला बगतेत. मी म्हटले, चुलीच्या धुराने निम्म्या तालुक्याला मोतीबिंदू होतो, त्याला माळवद लागत नाही. ते म्हणाले, मोतीबिंदू एका रात्रीत येतो का, ते सांगा. मी चहा आणखी विचारला नाही.

७ मार्च

चंद्र आता उशिरा उगवतो. नऊला वर गेले. मडके.

दिसली! दोन्ही छिद्रे, स्वच्छ, काळी, एकाशेजारी एक. आणि नवल म्हणजे नजर तिरकी न करता, सरळ, दहा मिनिटे. लगेच चित्र काढले. वेळ नऊ वाजून चाळीस मिनिटे. जन्मात इतका आनंद झाला नव्हता. खाली येऊन दगडाबाईला उठवून गूळ दिला. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, बाई, दिवा इजलाय.

८ मार्च

सकाळी दुर्बीण पुसायला वर गेले. पुढच्या भिंगावर पितळी झाकण तसेच होते. घट्ट.

काल ते काढायलाच विसरले होते.

मग नळीतून मी दहा मिनिटे कोणाकडे

८ मार्च, संध्याकाळ

डावा डोळा गेला. धूसर वगैरे नाही. नाहीच. दगडाबाईने समोर हात हलवला तो कळला नाही. तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरे होते.

मंडळींना पत्र लिहायला घेतले. चित्र जोडू की नको? खोटे चित्र मी पाठवणार नाही. पण जे दिसले ते दिसले.

९ मार्च

दिवे चार लावले. वर एक, खोलीत तीन. मडके फोडले. उपयोग नाही. आता ते घुबड खोलीत आहे. रोखून पाहिले की जाते, हे त्यातल्या त्यात बरे. म्हणून रोखून पाहत बसते. पण पापणी लवतेच. पाणी पिताना नजर खाली जातेच.

आणि लिहिताना नजर कागदावर असते. म्हणजे ते कोपऱ्यात —

आता दाराशी. ही ओळ लिहिली तेव्हा खाटेच्या पायाशी.

लिहिणे थांबवावे. पण नोंद नाही ठेवली तर पुन्हा म्हणतील, कल्पनाशक्ती.

१० मार्च

दगडाबाई म्हणते, चला, गाडी सांगते, केजला जाऊ, हितं ऱ्हाऊ नगा. उद्या सकाळी निघायचे ठरले. दुर्बीण इथेच. मी हट्टी आहे, मूर्ख नाही. एकच डोळा आहे, तो घेऊन

रात्रभर दगडाबाई समोर बसणार आहे. डोळे मिटू नका म्हणते. ती स्वतः पेंगते आहे.

मी नाही पेंगणार. मी

तारीख माहीत नाही. ओळीवर बोट ठेवून लिहिते आहे.

दगडाबाईवर ओरडले, दिवे का विझवलेस. ती रडते आहे. म्हणते, इजवले न्हाईत, बाई, चारी जळतेत, पार उजाडलंय. हात पुढे केला. बोट भाजले.

काळोखात एकच वस्तू दिसते. समोर. तिरके पाहावे लागत नाही. रोखून पाहिले तरी जात नाही.

नोंद: चकती राखाडी, गोल. दोन्ही छिद्रे स्पष्ट. आता रिकामी नाहीत. डाव्यात पांढरा पडदा आहे, मोतीबिंदूचा. उजवा चांगला आहे. तपकिरी. ओळखीचा. तो माझ्याकडे पाहत नाही, खाली पाहतो आहे, वहीकडे, डावीकडून उजवीकडे सरकतो आहे, मी लिहिते तसा — ही ओळ — वाचतो — आणि आता वर —