मला जाळू नये

मी, डॉ. सुनीती रझाफी, माहेरची सुनीती दातार, वय सदुसष्ट, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, राहणार हेडिंग्ली, लीड्स, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना आणि सकाळच्या गोळ्या घेण्याआधी लिहिते आहे. नंतर कोणी म्हणायला नको की गोळ्यांनी लिहवून घेतले. माझ्यावर कोणाचे दडपण नाही, आणणारे थकले. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. मराठीत लिहिते, कारण मनापासून रागावता मला मराठीतच येते. भाषांतर माझी मुलगी इरावती हिने करून घ्यावे. माझा मुलगा यतीन याला मराठी वाचता येत नाही, तेव्हा त्याला हे मोठ्याने वाचून दाखवावे. मधले काही गाळू नये.

१. एक्झिक्युटर एकटी इरावती. सॉलिसिटरबाई म्हणाल्या, या देशात मृतदेह कोणाच्याच मालकीचा नसतो. त्याचे काय करायचे ते एक्झिक्युटर ठरवतो आणि मेलेल्याची इच्छा ही नुसती इच्छाच राहते. म्हणून थोरल्याला डावलून हे काम मी धाकटीला दिले आहे. कारण पुढे येईल.

२. राहते घर आणि बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी-निम्मी. यात रागलोभाचा संबंध नाही. मायक्रोस्कोप इरावती लेस्टरला ज्या शाळेत शिकवते त्या शाळेला द्यावा. मुलांनी हात लावून बिघडवला तरी चालेल.

३. पुण्याचा माझा भाऊ पुरुषोत्तम याला आईचा चांदीचा गणपती. माझा नवरा रिवू गेला तेव्हा हा धावत आला, आठवडाभर स्वयंपाक केला, आणि मला न विचारता क्रेमॅटोरियमची वेळ ठरवून मोकळा झाला. "सुने, सगळं यथासांग करू, तू काळजी करू नकोस," म्हणाला. मी किंचाळले. जळलेल्या माणसाचे गुंडाळायला काय उरते?

रिवू मादागास्करचा, तिथल्या उंच पठारावरचा. त्यांच्याकडे काही वर्षांनी, थंडीच्या कोरड्या दिवसांत, घराण्याचे दगडी थडगे उघडतात, अस्थी बाहेर काढून नव्या रेशमी वस्त्रात गुंडाळतात, मांडीवर घेतात, वाजंत्री लावून त्यांच्यासह नाचतात आणि त्यांना घरची खबर सांगतात. याला फामादिहाना म्हणतात. जो त्या थडग्यात पोचला नाही तो हरवला, आणि याहून वाईट त्यांना काही ठाऊक नाही. पुरुषोत्तमने अगदी चांगल्या मनाने माझ्या नवऱ्याला हरवायला काढले होते. मी ते ऐन वेळी थांबवले, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. गणपती घ्यावा आणि अबोला सोडावा.

४. रिवूला आम्ही लीड्सच्या दफनभूमीत ठेवले ते तात्पुरते. खड्डा दोघांपुरता खोल आहे. त्या जागेचा हक्क माझ्या नावावर आहे. तो मी इरावतीला देते, एकटीला, कारण कबर पुन्हा उघडायला सरकारी परवाना लागतो आणि हक्कदाराची सही.

यतीन, मुठीत माती धरून तू बापाला शब्द दिला होतास. "बाबा, I'll take you home." मग तू ग्लासगोला गेलास, तिथल्या चर्चचा झालास, आणि एका रविवारी फोनवर म्हणालास, "आई, it's pagan. बाबाचा हाडं उकरणं सैतानाची काम आहे. Just let him rest." मी फोन ठेवला आणि जेवले नाही.

तुझ्या मादागास्करच्या आजीने मला काय सांगितले ते ऐक. त्यांच्या आजीच्या काळी राणी ख्रिस्ती झाली आणि तिने राज्याचे जुने देव जाळायला लावले. मग फ्रेंच आले, त्यांनी तिच्यानंतरच्या राणीलाच हद्दपार केले. सक्तीची वेठ आली, शाळा फ्रेंच झाल्या. गुलामगिरी कायद्याने गेली, पण सून पाहताना केस पाहायचे गेले नाही. सासूबाईंनी माझी वेणी सोडून बोटे फिरवली. केस सरळ, म्हणजे गुलामांच्या वंशातली नव्हे, म्हणून पसंत. इकडे माझ्या वडिलांनी रिवूची जात विचारली होती. तो नापास, मी पास. मला हसूही आले आणि लाजही वाटली.

"धर्म बदलला, राजा बदलला, शाळेतली भाषा बदलली," सासूबाई म्हणाल्या, "थडगं तेवढं आपलं राहिलं." आणि याच सासूबाई दर रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून खणखणीत गायच्या, बरे का. त्यांना दोन्ही जमत होते. तुला एकच का जमते?

माझे केस पाहिले त्याच वर्षी सासऱ्यांची फामादिहाना झाली. मुडद्यांत आयुष्य काढलेली मी, पण हातमोज्यांशिवाय हाडांना हात लावायची ती पहिलीच वेळ. सासूबाईंनी ते गाठोडे माझ्या मांडीवर ठेवले. रिवू म्हणाला, "सांग त्यांना तू कोण. कुठल्याही भाषेत." मी मराठीत म्हणाले, "मामंजी, मी सुनीती. तुमची सून. मला भात चांगला जमतो." आणि रडू आवरेना. पुण्यात माझे जिवंत वडील माझी पत्रे न उघडता परत पाठवत होते, आणि हे मेलेले वडील माझे ऐकून घेत होते.

५. मला जाळू नये. रिवूच्या वर, त्याच कबरीत ठेवावे. नंतर घाई करू नये. इथल्या चिकणमातीला आपला वेळ लागतो, हे मी धंद्याने जाणते. अस्थी झाल्यावर आम्हा दोघांना काढून मादागास्करला, घराण्याच्या थडग्यात ठेवण्यासाठी, माझे दीर हेरी यांच्याकडे न्यावे. नवरा-बायकोला एकाच वस्त्रात गुंडाळायची तिकडे रीत आहे. आतून माझ्या आईने वडिलांच्या नकळत लग्नाला पाठवलेले हिरवे इरकली लुगडे, बाहेरून सासूबाईंनी दिलेले रेशीम. दोन्ही माझ्या कपाटाच्या वरच्या खणात आहेत. इरावती, मला भीती वाटते. मरणाची नाही; तुम्ही दोघे वाद घालत बसाल आणि आम्ही इथेच राहू, याची.

६. यतीन, तुझा निम्मा वाटा बिनशर्त आहे. तू आला नाहीस तरी तो तुझाच. पण आलास, तर लांब उभा राहू नकोस. गाठोडे मांडीवर घे. त्यात तुझी आई कुठली आणि बाप कुठला हे तुला कळणार नाही, तेव्हा दोघांशीही भांड. पोटात आहे ते सगळे बोल. मराठी चुकली तरी बोल. या वेळी मी मध्ये टोकणार नाही.

लीड्स, १४ ऑक्टोबर २००७
(सही) सुनीती रझाफी

वरील सही डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांच्या देखत केली आणि आम्ही त्यांच्या देखत. आम्ही शेजारी, या मृत्युपत्रात आम्हाला काही मिळत नाही. सही करताना त्यांचा हात स्थिर होता.
(सही) गिरीश मोडक
(सही) स्वाती मोडक