समोरच्या खाणावळीचा रस्सा

४ मार्च, सोमवार
निरोप आला. गुरुवारी अन्नसुरक्षावाले येणार, रस्त्यावरच्या सगळ्या खाणावळी तपासणार. मागच्या वेळी आपल्याला ‘सुधारणा आवश्यक’ मिळालं. यंदाही तेच आलं तर कुलूप. मुलाच्या तोंडाला ते आत्ताच लागलंय. मी सांगतेय, नात लिहितेय. सांगते तेवढंच लिही म्हटलं, सुधारत बसू नकोस. मला वाचता येत नाही, पण ती गालात हसली की कळतं.

५ मार्च
सून घासतेय. भांडी झाली, भिंती झाल्या. मी पाय वर घेऊन बसलेय, नाहीतर मलाही घासेल.

६ मार्च
दुपारी मी केलेला रस्सा दूधवाल्यानं कॅन भरून नेला. सगळाच! "सासुरवाडीची माणसं आलीत, आजी." पातेलं रिकामं झालं तशी सुनेनं शेगडी पुसली. "आता तपासणी होईपर्यंत ही पेटणार नाही. मला भिंतीवर एक शिंतोडा नकोय."
"मग साहेबांना नमुना काय देणार, फिनेल?"
मुलगा छताकडं बघत म्हणाला, "काकूकडून आणू."
काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ. समोरच तिची खाणावळ, काचेवर कायमची ‘उत्तम’ची पाटी. वाटण्या झाल्यापासून आमचं बोलणं बंद. तिच्या रश्शावर आपण तरायचं, म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण कुलपापेक्षा बरं. दूधवाल्यालाच गुपचूप आणायला सांगितलं. तो आधी नुसताच खोकला, मग हो म्हणाला.

७ मार्च
सकाळी रस्सा आला, आपल्या पातेल्यात ओतला. मी चाखला. मीठ कमी, वाटण भरड — जावेचा हात पहिल्यापासूनच सैल. असल्या रश्शाला ‘उत्तम’ देतात म्हणजे साहेबांना जिभा नसाव्यात.
मग साहेब आले. काडीसारखे. फ्रीजमध्ये डोकं घातलं, ओट्याखाली वाकले, शेवटी रस्सा बाटलीत भरून सील केला. "कुणी केलाय?" मुलाला ठसका लागला. मी म्हटलं, "घरचाच आहे." जाऊ घरचीच की. यात खोटं काय?

११ मार्च
निकाल नाही. वाईट आला तर कुलूप. चांगला आला तर जाऊ जिंकली. देवाकडं मागायचं तरी काय?

१८ मार्च
स्वयंपाकघर स्वच्छ, रस्सा उत्तम! मुलगा चक्क रडला. सुनेनं नवी पाटी काचेवर लावली आणि लगेच पुसली. समोर जावेलाही ‘उत्तम’. आता तिच्या रश्शाच्या पाटीखाली मी रोज गल्ल्यावर बसायचं.

१९ मार्च
दूध घालता घालता दूधवाला बोलून गेला. बुधवारचा कॅन सासुरवाडीच्या माणसांसाठी नव्हताच. जावेच्या सुनेनंही तपासणीपायी शेगडी बंद ठेवलेली, म्हणून तिनंच तो मागवला होता. त्यातलाच निम्मा यानं गुरुवारी आपल्याकडं परत आणला. त्यांच्याकडं दुसरा होताच कुठं? म्हणजे दोन्ही पाट्या माझ्या!
"धाकटी काय म्हणाली चाखून?"
"बरा आहे म्हणाल्या. मीठ कमी, वाटण भरड."
नात गुरुवारचं पान खोडायला निघाली होती. म्हटलं, राहू दे. एवढ्या वर्षांत आम्हा दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालंय.